न जाणवणारें औषध

एकाच अनुभवाला आपल्या भाषेनें किती नांवें दिलीं आहेत! चक्कर, घेरी, भोवळ, भोवंड, झीट, अंधारी. शिवाय डोकें गरगरणें, तोल जाणें, डोळ्यांपुढें काजवे चमकणें हे प्रयोग निराळेच. शाळेंतल्या व्याकरणाच्या पुस्तकांत हे सगळे शब्द समानार्थी म्हणून एका ओळींत सुखानें नांदतात. वैद्याच्या खोलींत मात्र त्यांची ही एकी टिकत नाहीं. 'चक्कर येते' असें रोग्यानें सांगितलें कीं शहाणा डॉक्टर लेखणी खालीं ठेवतो आणि विचारतो, 'म्हणजे नेमकें काय होतें?' भोंवतालच्या भिंती फिरतात, कीं डोळ्यांपुढें काळोख दाटतो, कीं डोकें ठिकाणावर असून पायच ऐकत नाहींत? भिंती फिरत असतील तर ती खरी भोवळ. तिचें मूळ बहुधा अंतःकर्णांत किंवा मेंदूच्या मागच्या भागांत. उठून उभें राहतांच काळोख येत असेल तर ती अंधारी. तिचा संबंध पुष्कळदां रक्तदाबाशीं. पायच लटपटत असतील तर वाट आणखी तिसरी. आपल्या जुन्या वैद्यांनाही हा भेद ठाऊक होता. माधवनिदानांत मूर्च्छा, भ्रम, निद्रा, तंद्रा आणि संन्यास यांना एकाच प्रकरणांत जागा दिली आहे खरी. पण एका वाड्यांत राहणाऱ्या भाऊबंदांप्रमाणें प्रत्येकाची चूल निराळी मांडून.

आमच्या घरांत भोवळ ही अक्काच्या मालकीची. अक्का माझी थोरली बहीण, वय अठ्ठ्याहत्तर. यजमान गेल्यापासून ती आमच्याकडेच सांगलीस असते. अकरा वर्षें तिला भोवळ येत होती आणि त्या भोवळीचा घरांत मोठा दरारा होता. पहाटे ती डाव्या कुशीवर वळली कीं सारी खोली गरगर फिरे; ती पलंगाची कड घट्ट धरून 'अग, मला धर, मला धर' अशी हांक मारी, आणि माझी पत्नी चहाचें आधण तसेंच टाकून धांवे. अर्ध्या मिनिटांत सारें शांत होई. पण त्या अर्ध्या मिनिटाची भीति दिवसभर पुरे. पहिल्याच वर्षीं एका डॉक्टरांनीं तिच्या मानेचें क्ष-किरण चित्र काढवलें, मणक्यांची झीज दाखवली आणि सांगितलें, 'मानेमुळें मेंदूला रक्त कमी पडतें.' गळ्यांत पट्टा आला; सिनारिझिनची गोळी सुरू झाली. पट्टा लवकरच खुंटीवर गेला, पण गोळी देवपूजेइतकी नित्याची झाली. साठी ओलांडलेल्या बहुतेकांच्या मानेचें चित्र काढलें तर मणक्यांची झीज दिसतेच, आणि ती झीज क्वचितच भोवळीचें कारण असते, हें तिला कोणीं सांगितलें नव्हतें. सांगितलें असतें तरी पटलें नसतें. कारण 'मेंदूला रक्त कमी पडतें' या वाक्यांत एक विलक्षण भारदस्तपणा आहे. कुंडींतल्या रोपाला पाणी कमी पडलें कीं तें मान टाकतें, हें ज्यानें पाहिलें आहे त्याला आणखी पुरावा लागत नाहीं.

मौज अशी कीं, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपांत हेंच वाक्य नेमकें उलटें बोललें जात होतें. भोवळीचा झटका आलेल्या माणसाला पाहून पॅरिसचे डॉक्टर म्हणत, याच्या मेंदूंत रक्त फार सांचलें आहे! मग त्याचें रक्त काढीत, जळवा लावीत, रेचकें देत. प्रॉस्पर मेनिएर हा पॅरिसमधल्या मूकबधिरांच्या संस्थेचा वैद्य. बहिरेपण, कानांतला आवाज आणि भोवळ हीं तिन्ही एकत्र असलेले रोगी त्यानें वर्षानुवर्षें पाहिले होते. जानेवारी १८६१ मध्यें त्यानें तेथील वैद्यक अकादमीपुढें निबंध वाचला आणि सांगितलें कीं, या रोगाचें घर मेंदूंत नाहीं, कानांत आहे. पुढच्याच वर्षीं तो वारला. रक्त फार झालें म्हणून तें काढणारे यथाकाल गेले, रक्त कमी पडतें म्हणून तें वाढवणारे आले; या दोघांच्या भांडणांत कान बिचारा बहुधा उपेक्षितच राहिला.

मात्र मेंदूला खरोखरच रक्त कमी पडतें तेव्हां काय होतें, हें मला २०२२ च्या मार्गशीर्षांत एका सकाळीं समजलें. मी वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों. मथळ्याचीं अक्षरें एकावर एक चढलीं. एका ओळीच्या दोन ओळी झाल्या. चष्मा पुसला, तरी ओळी दोनच. अक्काची खोली फिरे तशी माझी फिरली नाहीं. ती नुसती एका बाजूला कलली, नाव कांठाला लागतांना कलते तशी. ओठांची उजवी बाजू दंतवैद्याच्या सुईनंतर होते तशी बधिर झाली. पत्नीला 'पाणी दे' म्हणालों, तर तोंडांतून निघालेला शब्द मलाच ओळखूं आला नाहीं. दहाबारा मिनिटें हा प्रकार चालला आणि मग आला तसाच निघून गेला. अक्षरें जागेवर आलीं, जीभ वळूं लागली. मला इतकें बरें वाटूं लागलें कीं, मीं वर्तमानपत्राचें पुढचें पान उलटलें.

'पित्त आहे रे,' अक्का म्हणाली. 'आलेपाकाची वडी तोंडांत धर. आणि ही घे माझी गोळी. मेंदूला रक्त पोंचवते.' तिनें पट्टींतून एक गोळी काढून माझ्यापुढें धरलीसुद्धां. अकरा वर्षें जिच्यावर तिनें आपला जीव टेकला होता तीच वस्तु ती मला देत होती. त्या हातांतली माया मी विसरणार नाहीं. पण पत्नीनें त्या गोळीकडे पाहिलें देखील नाहीं. 'अक्का, यांचें बोलणें फिरलें होतें,' एवढेंच ती म्हणाली आणि शेजाऱ्यांना गाडी काढायला सांगण्यासाठीं बाहेर गेली. तिचे वडील अर्धांगवायूनें नऊ वर्षें अंथरुणावर होते. बोलणें फिरणें म्हणजे काय, हें तिला पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. 'अग, आतां मला कांहीं होत नाहीं,' मीं म्हटलें. 'अहो, म्हणूनच आतां जायचें,' ती म्हणाली.

मिरज आमच्यापासून दहा किलोमीटर. सांगलीकराला मोठें दुखणें आलें कीं तो मिरजेचा रस्ता धरतो, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. तेथील एका रुग्णालयांत तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनीं पहिल्याच वाक्यांत मला 'आजोबा' म्हटलें, तें मला रुचलें नाहीं. पण पुढच्या पांच मिनिटांत त्यांनीं जे प्रश्न विचारले त्यांमुळें मीं तें पोटांत घातलें. एका वस्तूच्या दोन दिसल्या का? बोलणें जड झालें का? गिळतांना ठसका लागला का? तोंड, हात, पाय यांपैकीं कांहीं बधिर झालें का? चालतांना कोणी एका बाजूला ओढल्यासारखें वाटलें का? भोवळीविषयीं त्यांनीं सर्वांत शेवटीं विचारलें. मग एम. आर. आय. नांवाच्या त्या दणदणणाऱ्या बोगद्यांत मला घातलें. मेंदूला कायमची इजा झाली नव्हती. पण मानेंतून वर जाणाऱ्या मागच्या दोन धमन्यांपैकीं डावी एके ठिकाणीं चांगलीच चिंचोळी झाली होती. 'हा पक्षाघात नव्हे, पक्षाघाताची नोटीस आहे,' बाई म्हणाल्या. 'आणि नोटिशीनंतरचे पहिले कांहीं दिवस सर्वांत धोक्याचे.'

येथें थोडें शरीरशास्त्र सांगणें प्राप्त आहे. मेंदूचें वजन सगळ्या शरीराच्या सुमारें पन्नासाव्या हिश्शाएवढें; पण हृदयांतून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ सातवा हिस्सा तो एकटा घेतो. हें रक्त चार वाटांनीं वर चढतें. दोन धमन्या गळ्याच्या पुढच्या अंगानें जातात. बोट लावलें तर त्यांचे ठोके लागतात. दोन मागून जातात, मानेच्या वरच्या सहा मणक्यांना दोन्ही अंगांस जीं भोकें असतात त्यांतून, सुईच्या नेढ्यांतून दोरा ओंवावा तशा. या मागच्या दोघी कवटींत शिरल्यावर एक होतात. मेंदूचा देठ, लहान मेंदू आणि दृष्टीचें केंद्र यांना पाणी पाजणारा पाट तो हा. याच पाटाच्या एका चिमुकल्या फांट्यावर अंतःकर्ण जगतें, आणि त्याला दुसरीकडून पाणी मिळण्याची सोय नाहीं. पुढच्या आणि मागच्या वाटा मेंदूच्या तळाशीं एका कड्यानें जोडल्या आहेत. १६६४ सालीं थॉमस विलिस यानें या कड्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्या ग्रंथासाठीं चित्रें काढणारा क्रिस्टोफर रेन म्हणजे पुढें लंडनचें सेंट पॉल मंदिर बांधणारा तोच. एक वाट आखडली तरी या कड्यामुळें पुष्कळदां निभावून जातें. माझें त्या दिवशीं बहुधा असेंच निभावलें.

कृष्णाकांठच्या उसाच्या शेतकऱ्याला यापुढचें सांगण्याची जरूरच नाहीं. पाटाला पाणी आहे, पण मध्यें गाळ सांचला आहे आणि शेपटाच्या शेताला पाणी पोंचत नाहीं. अशा वेळीं 'सगळ्यांचीं दारें मोकळीं सोडा, म्हणजे पाणी खेळेल' असें जो सांगेल त्यानें कधीं रात्रीं फाळ्याचें पाणी पाजलेलें नाहीं असें खुशाल समजावें. वरचीं दारें उघडलीं कीं पाणी वरच्याच शेतांत पसरतें. शेपटाचें शेत अधिकच कोरडें पडतें. रक्तवाहिन्या रुंद करणारीं औषधें देऊन मेंदूचें रक्त वाढवावें ही कल्पना विसाव्या शतकांत बरींच वर्षें लोकप्रिय होती, आणि तिची अडचण हीच. चिंचोळ्या जागेच्या पलीकडच्या वाहिन्या आधींच होतील तितक्या सैल झालेल्या असतात. औषधानें सैल होतात त्या निरोगी वाहिन्या. रक्त त्यांच्याकडे वळतें, आणि एकंदर दाब उतरतो तो वेगळाच.

'मग भोवळीवर औषध कोणतें?' मीं विचारलें.

'तुम्हांला तें नको,' बाई म्हणाल्या. 'भोवळ हा तुमचा रोग नाहीं. कोणीतरी दाराची कडी वाजवली एवढेंच. कडीला चिंधी बांधून काय उपयोग?'

त्यांनीं लिहून दिलेलीं औषधें पाहून माझी निराशाच झाली. पहिलें नांव अ‍ॅस्पिरिनचें! माझ्या आईच्या डब्यांत जी गोळी डोकेदुखीसाठीं असे ती, आणि तीही ७५ मिलिग्रॅमची, म्हणजे पूर्वीच्या गोळीचा चवथा हिस्सा. जर्मनींत १८९७ सालीं हें द्रव्य औषधाच्या रूपांत तयार झालें. तें काम कसें करतें हें १९७१ सालीं जॉन व्हेन यानें दाखवलें आणि १९८२ चें नोबेल पारितोषिक त्याला इतर दोघांसह मिळालें. रक्तांतल्या ज्या सूक्ष्म चकत्या एकमेकींना चिकटून गुठळी धरतात त्यांची चिकटण्याची शक्ति ही गोळी नष्ट करते. एकदां नष्ट झाली ती त्या चकतीच्या जन्माची. पण तिचा जन्मच मुळीं आठदहा दिवसांचा, आणि नव्या चकत्या रोज तयार होतात. म्हणून गोळीही रोज. अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला पहिले एकवीस दिवस क्लोपिडोग्रेल नांवाची दुसरी गोळी होती. ही जोडी अशा नोटिशीनंतर उपयोगी पडते हें चीनमधल्या मोठ्या चांचणीनें २०१३ सालीं दाखवून दिलें. तिसरी गोळी धमनींतला गाळ वाढूं न देणारी. तिच्या घराण्याचा मूळ पुरुष जपानच्या अकिरा एंडो यांना १९७० नंतरच्या दशकांत एका बुरशींत सांपडला. त्यासाठीं त्यांनीं सुमारें सहा हजार बुरशा तपासल्या होत्या. आपण लोणच्यावरची एक बुरशी पाहून नाक मुरडतों!

चौथी गोळी रक्तदाबाची. या शास्त्रांत आपल्या मुंबईचाही मोठा वांटा आहे. सर्पगंधेच्या मुळीनें रक्तदाब उतरतो, हें डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं १९४९ सालीं ब्रिटिश हार्ट जर्नलमध्यें मांडलें आणि पाश्चात्त्य जगाचें लक्ष तिकडे वेधलें. सर्पगंधा आतां मागें पडली, तिची जागा अधिक सौम्य औषधांनीं घेतली. पण दाब आवरावा हें सूत्र कायम आहे. मात्र तो आवरतांना हात जपून टाकावा लागतो. चिंचोळ्या नळांतून पाणी वर चढायचें तर मागून थोडा जोर हवाच. म्हणून माझा दाब बाई एकदां बसवून मोजतात आणि एकदां उभें करून. औषध अधिक झालें तर उभें राहतांच अंधारी यायची, म्हणजे भोवळीवरच्या उपायानें भोवळीची बहीण घरांत आणल्यासारखें व्हायचें.

तीन महिन्यांनीं मी पुन्हां मिरजेला गेलों तेव्हां अक्कालाही बरोबर नेलें. बाईंनीं तिच्या मानेकडे पाहिलें नाहीं. आधीं हाताकडे पाहिलें. वर्षदीडवर्षापासून तिचा उजवा हात मांडीवर स्वस्थ असतांना थरथरत असे, चालणेंही आखडलें होतें. वय झालें, असें आम्ही सगळे म्हणत होतों. बाईंनीं गोळीचें नांव विचारलें, किती वर्षें घेतां तें विचारलें, आणि कपाळाला आठी घातली. सिनारिझिन ही १९५५ च्या सुमाराची, बेल्जममध्यें जन्मलेली. कानाकडून मेंदूला जाणारे चाळवलेले संदेश ती दाबते, म्हणून बरें वाटतें; गाडी लागण्यावरही ती चांगली. पण म्हाताऱ्या माणसानें ती वर्षानुवर्षें घेतली तर तिच्यामुळें कंपवातासारखीं लक्षणें येऊं शकतात. शिवाय कानाची एक बाजू बिघडली असतां मेंदू आपण होऊन तोल सांवरायला शिकत असतो. सतत गुंगवून ठेवलें तर तें शिक्षण लांबतें. वांतीसह मोठा झटका आला असतां पहिले दोनतीन दिवस अशा गोळ्या रोग्याला देवासारख्या वाटतात, आणि तें योग्यच आहे. अडचण आहे ती देवाला अकरा वर्षें मुक्कामाला ठेवण्यांत.

मग बाईंनीं अक्काला पलंगावर बसवलें, तिची मान डावीकडे वळवली आणि एकदम उताणें निजवून डोकें कडेच्या थोडें खालीं सोडलें. अक्कानें किंकाळी फोडली. तिची बुबुळें फिरकीसारखीं थडथडूं लागलीं आणि अर्ध्या मिनिटांत थांबलीं. ही परीक्षा इंग्लंडांत डिक्स आणि हॉलपाइक यांनीं १९५२ सालीं वर्णिली. अंतःकर्णांत चुन्याचे सूक्ष्म खडे असतात. ते आपल्या जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नळींत घरंगळले कीं कूस बदलतांना आंतलें पाणी ढवळतात आणि जग फिरतें. यांत मेंदूच्या रक्ताचा कांहीं संबंध नाहीं. बाईंनीं अक्काची मान दोन टप्प्यांत उजवीकडे नेली, तिला कुशीवर वळवलें, नाक जमिनीकडे करवलें, आणि उठवून बसवलें. खडे आल्या वाटेनें परत गेले. ही युक्ति अमेरिकेंतल्या जॉन एप्ली नांवाच्या कानाच्या डॉक्टराची. गोळी नाहीं, सुई नाहीं, खर्च नाहीं. अंतःकर्णाच्या या साऱ्या विद्येचा पाया घालणारा रॉबर्ट बारानी याची कथाही नवलाची आहे. कान धुतांना पाणी गार किंवा फार ऊन असलें तर रोग्याला भोवळ येते, एवढ्याशा गोष्टीवरून त्यानें अंतःकर्ण तपासण्याची रीत शोधली, आणि १९१४ चें नोबेल पारितोषिक जाहीर झालें तेव्हां तो रशियाच्या कैदेंत युद्धकैदी होता.

परतीच्या वाटेवर अक्का गाडींत एक शब्द बोलली नाहीं. घरीं आल्यावर म्हणाली, 'अकरा वर्षांचें दुखणें, आणि त्या पोरीनें कूस बदलायला लावून बरें केलें म्हणते!' बरें झाल्याचा आनंद तिला नव्हता असें नाहीं. पण मोठ्या दुखण्याला साजेसा उपाय झाला नाहीं ही खंत तिला अजून आहे. गोळी बाईंच्या सल्ल्यानें बंद झाली. हाताची थरथर पांचसहा महिन्यांत बरीचशी ओसरली. यंदाच्या गौरींना तिनें रांगोळी स्वतः काढली.

आतां घरांत नित्याचीं औषधें माझीं. अक्काच्या गोळीनें तिला घटकाभर तरी बरें वाटे. माझ्या चार गोळ्यांनीं मला कांहींच वाटत नाहीं. घेतल्या तरी तोच मी, आणि एखाद्या दिवशीं राहिल्या तरी त्या दिवशीं तोच मी. ज्या औषधाचा गुण म्हणजे कांहींही न घडणें, त्याच्यावर श्रद्धा ठेवायला फार निराळ्या जातीचें मन लागतें. माझा एक बाळमित्र आहे. त्यालाही अशीच नोटीस आली होती; त्याच गोळ्या, तोच सल्ला. भोवळ पुन्हां आली नाहीं, दीड वर्ष उत्तम गेलें. 'मला आतां कांहीं होत नाहीं, मग हें विष कशाला पोटांत घालूं?' असें म्हणून त्यानें २०२४ च्या वैशाखांत सगळ्या गोळ्या सोडल्या. श्रावणांत एका पहाटे तो न्हाणीघरांत पडला. आठ आठवडे त्याला नळीनें अन्न दिलें. गिळायला तो पुन्हां शिकला. भिंतीला धरून चालतो. बोलणें घरच्यांना समजतें, मला निम्मेंशिम्में.

महिन्यांतून एकदां मी त्याच्याकडे जातों. त्याच्या उशाशीं सात कप्प्यांची एक पेटी असते. सून दर रविवारीं ती भरून ठेवते. परवां गेलों तेव्हां त्यानें डाव्या हातानें एक कप्पा उघडून मला दाखवला. कप्पा रिकामा होता. वर 'शुक्र' असें लिहिलें होतें, आणि त्या दिवशीं शुक्रवारच होता. मग त्यानें माझ्या खिशाकडे बोट केलें. मीं माझी पट्टी काढून त्याच्या हातांत दिली. ती उलटसुलट करून, किती घरें रिकामीं आहेत तें त्यानें बोटानें मोजून पाहिलें.